घड्याळबाईचे फवारे

कारखान्यात तिला सगळे घड्याळबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तयार शर्टांचा कारखाना होता. लांबलचक हॉल, सहा रांगा, रांगेत वीस-वीस मशीन. तिचं काम एवढंच, की गळ्यात स्टॉपवॉच अडकवून शिवणाऱ्या बायकांच्या शेजारी उभं राहायचं आणि कुणाचा हात कुठे फुकट फिरतो ते हुडकायचं. कात्री डावीकडे ठेवली आणि दोरा उजव्या हाताने तोडला, तर प्रत्येक शर्टामागे दोन सेकंद पाण्यात. कॉलर उलटवून झाल्यावर उगाच तळहाताने सारखी केली, तर तीन सेकंद. या सगळ्याला तिचा एकच शब्द होता, रिकामा हात. ती लांबून येताना दिसली की काज-बटणवाल्या बायका एकमेकींना म्हणत, "श्वास जपून घ्या गं, मोजायला आली." तिला ते ऐकू जाई आणि त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षांत तिने एका शर्टामागची अकरा मिनिटं वाचवली होती. हे काही खायचं काम नव्हे.

अशा बाईला नवरा कसा मिळावा? तर बोर्ड रंगवणारा पेंटर. दुकानावर पाटी लिहायची तर हा माणूस आधी अर्धा तास कोऱ्या पाटीसमोर नुसता उभा. मग पेन्सिलीने चौकोन आखणार, चौकोनांत अक्षरं बसवणार, लांब जाऊन बघणार, जवळ येऊन पुसणार. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी तरी "अहो, आटपा" म्हणण्यात गेली होती.

मागच्या वर्षी एका सकाळी, चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवताना त्याच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकला तर हात आलाच नाही. अर्धांगाच्या झटक्यातून पाय सुधारला, बोलणंही सुधारलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, "पहिल्या वर्षात जे परत येईल ते खरं. हात वापरत राहा, कशालाही वापरा." घड्याळबाईने कॅलेंडरवर खूण केली आणि कंबर कसली. रबरी चेंडू आणला, कपड्यांचे चिमटे आणले, मुलांची रंगीत माती आणली. पेंटरने सगळ्याकडे एकदा बघितलं आणि चेंडू खिडकीत ठेवून दिला. "हा दाबून काय होतं?" तो म्हणाला. "सोडला की परत चेंडूच." असे सात महिने गेले.

मग लांबच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने एक खेळ पाठवला. दोन्ही हातांत धरायचा, मध्ये पडदा, दोन बाजूंना बटणं. आत शेती. टोपी घातलेला एक बुटका शेतकरी, एक खोपटं, एक तळं, चार कोंबड्या, थोड्या अंतरावर गाव, त्यापलीकडे खाण. सकाळ झाली की उठायचं, झारीने एकेका वाफ्याला पाणी घालायचं, कोंबड्यांना कुरवाळायचं, उगवलेलं काढून विकायचं आणि झोपायचं. झोपलं की त्या दिवसाचा खेळ जतन होई आणि दुसरी सकाळ उजाडे. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबलं की झारी एकदा ओतणार.

चेंडूला हात न लावणारा पेंटर या खेळाला चिकटला तो चिकटलाच. पहिल्या आठवड्यात त्याच्याच्याने दहा वाफेही भिजेनात. अंगठा बटणावरून घसरे, झारी भलतीकडेच ओते, तो शिव्या देई आणि परत लावी. महिनाभरात अठ्ठ्याऐंशी वाफे भिजू लागले. व्यायामाच्या बाईंनी अंगठा वाकवून बघितला, चिमटीत कागद धरायला लावला आणि कागद सुटला नाही. त्या दिवशी घड्याळबाई स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. डोळे पुसले आणि बाहेर येऊन नवऱ्याच्या शेजारी बसली, आणि तिथेच सगळं बिनसलं.

कारण बसल्यावर तिला तो खेळ दिसायला लागला.

देवा रे, काय तो खेळ! पेंटर तळ्यावर झारी भरणार, डाव्या टोकाला जाणार, डावीकडून उजवीकडे एक ओळ भिजवणार. मग तसाच रिकामा चालत परत डाव्या टोकाला. मग दुसरी ओळ. म्हणजे निम्मं चालणं रिकामं! उजवीकडे पोचलाच आहेस तर परत येताना खालची ओळ भिजव ना! शिवाय शेताला शिस्त म्हणून नाही. कुठे आडवी रांग, तिला लोंबणारा एक पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना गाजरांचे वाकडे पुंजके, मध्येच रिकामी भोकं. इतकी मोकळी जमीन पडलेली, आणि यांनी ती उंदराने कुरतडल्यासारखी नांगरलेली. सगळं भिजेपर्यंत खेळातली दुपार व्हायची, शेतकरी दमून जायचा, गाव बघायचं राहायचं, खाण बघायची राहायची. झोप. उठ. परत झारी.

"अहो, येताना खालची ओळ घ्या ना."

"मला डावीकडून बरं पडतं."

"अर्धा वेळ वाचेल."

"वाचवून काय करू?" पेंटरने विचारलं. मान वरसुद्धा केली नाही.

तिने मनातल्या मनात मोजलं होतं, एका वाफ्याला चार सेकंद, रिकाम्या फेऱ्या धरून साडेदहा मिनिटं. ती उठून भांडी घासायला गेली आणि भांड्यांवर राग काढला. मुलीला फोन केला. मुलगी हसली. "आई, या खेळात जिंकायचं नसतं गं." "मग करायचं काय असतं?" "पाणी घालायचं असतं." घड्याळबाईने फोन ठेवला. घरात एक शहाणा होता, तो कमी पडत होता म्हणून दुसरी.

पुढच्याच महिन्यात मुलगी आली आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून वडिलांना नऊ दिवसांसाठी घेऊन गेली. औषधं, चष्मा, काठी, सगळ्याची यादी घड्याळबाईने केली होती आणि खेळ यादीत लिहायला तीच विसरली. संध्याकाळी कामावरून आली तर तो सोफ्यावर पडलेला. कोंबड्या उपाशी मरतील, एवढंच तिच्या मनात आलं. नुसतं एकदा बघावं, म्हणून तिने तो उघडला.

दूध उतू गेलं ते तिला वासाने कळलं.

आता खरं सांगायचं तर तिच्या जन्माला आलं नव्हतं असं सुख त्या खेळात होतं. कारखान्यात तुम्ही एखादीला सांगितलं की बाई, कात्री उजवीकडे ठेव, तर ती मान डोलावते आणि तुमची पाठ वळली की परत डावीकडे ठेवते. इथे ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहत होती. पेट्या लावल्या, बियाणं एकीकडे, लाकडं एकीकडे, दगड एकीकडे, आणि दुसऱ्या दिवशी पेट्या तशाच. गावातला लोहार बुधवारी दुकान बंद ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. कोळ्याच्या म्हातारीला शिंपला नेऊन दिला की ती खूश होई, आणि किती खूश झाली ते बदामाच्या आकड्यात लिहून येई. माणसाचा संतोष आकड्यात! तिने कागद घेतला, पेन्सिल कानावर ठेवली आणि गावातल्या चौदा माणसांचा तक्ता केला. कुणाला काय आवडतं, कोण कधी कुठे सापडतं. पाचव्या दिवशी तिला कळलं की खाणीतून तांबं आणि लोखंड आणलं तर लोहाराकडून फवारे करून मिळतात. एक फवारा जमिनीत रोवला की भोवतीचे आठ वाफे रोज पहाटे आपोआप भिजणार. झारीची गरजच नाही.

हे वाचून तिला उभं राहावंसं वाटलं.

रविवारी ती सकाळी बसली ती दिवेलागणीलाच उठली. आलेख-कागदावर शेताचा नकाशा काढला. एका फवाऱ्याला नऊ चौकोन, अकरा फवारे, अठ्ठ्याऐंशी वाफे, बरोबर! फक्त ती वेडीवाकडी नांगरट आड येत होती. तिने पट्टे उपटले, पुंजके उपटले, भोकं बुजवली आणि तीन रांगांत चौकोनी, नीटनेटकं, सरळ शेत आखलं. फवारे रोवले आणि शेतकऱ्याला झोपवलं. सकाळ झाली तर सगळं शेत भिजून काळं. हात म्हणून लावायला नको. सव्वीस वर्षांत तिने एवढं निर्दोष काम केलं नव्हतं. खेळातले अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांचे दोन ऋतू तिने पुढे नेले होते, आणि नवरा घरी येऊन हे बघेल तेव्हा त्याचा चेहरा कसा होईल, याच विचारात ती तो येईपर्यंत कारखान्यात कुणावर ओरडली नाही. बायकांना वाटलं, हिला ताप आलाय.

पेंटर आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात सुधारतोय, जे चाललंय ते चालू ठेवा. चहासुद्धा न पिता त्याने खेळ मागितला. ती शेजारी बसली, लहान पोरीसारखी.

पडद्यावर सकाळ झाली. शेतकरी खोपटातून बाहेर आला. अकरा फवारे गोल फिरले आणि थांबले. पेंटर बघत राहिला. मग त्याने सवयीने झारी काढली, तळ्यावर गेला, भरली, डाव्या टोकाला आला आणि बटण दाबलं. भिजलेल्या मातीवर पाणी पडलं. काहीच झालं नाही.

"आता घालायची गरजच नाही," ती म्हणाली. "सगळं आपोआप. तुम्ही आता खाणीत जा, गावात फिरा, मासे धरा."

"छान केलंस," पेंटर म्हणाला.

"हो की नाही? आणि ते वेडंवाकडं होतं तेही सरळ केलं."

पेंटरने डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं. "इथे क होता."

"काय?"

"क. इथे ख. ख झाला होता सगळा, नुसती गाठ राहिली होती. ग आखला होता खाली." तो शांतपणे सांगत होता, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाला रस्ता सांगावा तसा. "चौकोनात अक्षर बसवायला तसं सोपं. क चं पोट जमत नव्हतं. ते तीनदा उपटून लावलं."

आडवी रांग, तिला लोंबणारा पट्टा, दोन बाजूंचे पुंजके. रोज समोर बसून तिने ते बघितलं होतं, वाफे मोजले होते, सेकंद मोजले होते, आणि वाचलं मात्र नव्हतं. म्हणून तो डावीकडून उजवीकडे जात होता. पाणी घालत नव्हता, अक्षर गिरवत होता.

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे?"

"मी रोज शेजारी बसत होते!"

"बसत होतीस," पेंटर म्हणाला. "घड्याळ लावून."

त्याने खेळ टीपॉयवर ठेवला. खेळ झोपेबरोबर जतन होत होता, आणि तिने तो एक-दोनदा नाही, छप्पन्न वेळा झोपवला होता. मागे जायला वाटच नव्हती.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येत नव्हतं, हाच तर वैताग. भांडण असतं तर ती जिंकली असती. पेंटर जेवायला हाक मारली की येई, औषध दिलं की घेई, आणि उरलेला वेळ खिडकीशी बसे. उजवा हात परत मांडीवर. व्यायामाच्या बाईंनी चिमटीत कागद दिला तर तो गळून पडला. त्या घड्याळबाईकडे बघून म्हणाल्या, "खेळ बंद केला का हो यांचा?" ती काय सांगणार? बंद नाही केला, सुधारला.

आणि सुधारलेला खेळ आता तिच्याच गळ्यात पडला होता. ती रोज संध्याकाळी हट्टाने तो उघडायची, काहीतरी सापडेल म्हणून. काय सापडणार! सकाळ. फवारे फिरले. पीक काढा, पेटीत टाका. कोंबड्यांना कुरवाळा, नाहीतर त्या रुसतात. अंडी देताय ना, मग आणखी कुरवाळायचं कशाला? गावात जा. कोळ्याची म्हातारी म्हणणार, "आज समुद्र शांत आहे." कालही हेच म्हणाली होती. परवाही. चौदाच्या चौदा माणसांचे बदाम भरून झाले होते आणि आता तेच ते बोलण्यापलीकडे त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. वाचवलेला सगळा दिवस समोर पसरलेला असायचा आणि त्यात करायला काही नसायचं. शेतकरी खोपटासमोर उभा राहून टोपी सारखी करायचा. तिला त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटायच्या.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने अकराचे अकरा फवारे उपटले, शेत मोकळं केलं आणि खेळ नेऊन पेंटरच्या मांडीवर ठेवला. "घ्या. काढले सगळे. लावा तुमचा क."

पेंटरने पडदा बघितला. "फवारे कुठेत?"

"पेटीत."

"मग कशाला घालू पाणी?"

"पूर्वी घालत होता तसंच!"

"पूर्वी दुसरा इलाज नव्हता. आता पेटीत आहेत ते मला माहीत आहे. रोज झारी घेतली की तू माझ्यासाठी फवारे काढून ठेवलेस हे आठवणार." त्याचा आवाज चढला. आजारपणानंतर पहिल्यांदाच चढला. "आणि नुसत्या खेळातच बसवलेस का तू फवारे? हे काय आहे?" त्याने डाव्या हाताने शर्टाची पट्टी ओढली आणि ती चर्रकन उघडली.

व्हेलक्रो होतं. तो दवाखान्यातून घरी आला त्याच आठवड्यात तिने कारखान्यातल्या मशीनवर त्याच्या सातही शर्टांची बटणं काढून, काज बुजवून, व्हेलक्रो लावून आणलं होतं. सात शर्ट, एक जेवणाची सुट्टी. कारखान्यात सगळ्यांनी वाखाणलं होतं. नवरा एका हाताने नऊ सेकंदांत शर्ट घालायचा.

"चहा थर्मासात. दाढीला इलेक्ट्रिक मशीन. चपलांना बंद नाहीत. जेवायला बसलो की सगळं चिरून, बारीक करून समोर. या घरात मला उजवा हात लागतो कुठे? सांग ना! त्या खेळात लागत होता, तर तिथेही येऊन काढलास!"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून केलं मी!" तीही ओरडली. "कामावरून येऊन, उभ्याने केलं सगळं! कोणासाठी?"

"माहीत आहे," पेंटर म्हणाला. "म्हणून तर गप्प होतो."

त्याचा शर्ट उघडा होता आणि तो बंद करायला तिचा हात सारखा पुढे जात होता. मग पेंटर म्हणाला, "बटणं लाव परत."

तिने ती कारखान्यात नेली नाहीत. घरीच बसून, हाताने, एका शर्टाला सात बटणं लावली. उसवायला तासभर गेला, काज पुन्हा करायला दोन तास. इतका रिकामा हात तिने जन्मात चालवला नव्हता.

सोमवारी सकाळी पेंटर तो शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसला. कारखान्याची बस कोपऱ्यावर सात चाळीसला येते आणि सात बेचाळीसला जाते. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. ती पर्स खांद्याला लावून समोरच्या खुर्चीत बसली.

पहिलं बटण काजाच्या कडेला लागून परतलं. दुसऱ्यांदा परतलं. अंगठा आणि बोट यांच्यातून ते सटकत होतं, तो डाव्या हाताने पट्टी धरत होता, उजव्याने ढकलत होता, त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पाच मिनिटांनी पहिलं बटण गेलं. तेव्हाच तिला दिसलं की ते एक काज सोडून खाली गेलं आहे. सगळा शर्ट तिरका जाणार होता. सव्वीस वर्षांत कोट्यवधी बटणं जिच्या डोळ्यांखालून गेली, तिच्या जिभेवर शब्द आले होते. तिने ते गिळले.

दुसरं गेलं. तिसऱ्याला त्याने शिवी दिली. चौथं लवकर गेलं. खाली बसचा हॉर्न वाजला, परत एकदा वाजला, आणि बस गेली. आठ वाजून गेल्यावर त्याने सहावं बटण लावलं आणि सातव्याला काजच उरलं नाही. त्याने खाली बघितलं. एक टोक वर, एक टोक खाली.

"चुकलं," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघितलं. "तुला दिसलं होतं?"

"पहिल्यालाच."

"आणि बोलली नाहीस?"

"नाही."

पेंटर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि वरचं बटण काढायला घेतलं. खालून लावत आलं की चुकत नाही, हे कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तो वरूनच सुरू करणार होता. तिला इतका राग आला होता की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती खुर्चीतून उठली नाही.